देव्हाऱ्यातलं युरेनोफेन

माझ्या भावाच्या घरच्या बायका दोन महिने रोज सकाळी युरेनियमच्या खनिजाला आंघोळ घालत होत्या आणि ते पाणी तीर्थ म्हणून पीत होत्या. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय, की त्यातली भीती आता पार झिजून गेली आहे. भोरच्या डॉक्टरांना सांगितलं, पुण्यातल्या दोन प्रयोगशाळांना फोनवर सांगितलं, पुतण्याला सांगितलं, भावाला तर तीनदा सांगितलं. प्रत्येकाने आधी "काय?" असं विचारलं आणि मग, ही बाई रिटायर झाल्यावर जरा हललीय का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी हललेली नाही. तीस वर्षं मी कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. दगड मला कळतात. माणसांचं मात्र कधी फारसं जमलं नाही, तेवढं कबूल करते.

सगळा घोळ माझ्या गळक्या छतापासून सुरू झाला. भोरमध्ये माझा वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. छताची दुरुस्ती काढली तेव्हा ठेकेदार म्हणाला, "आठ दिवस, मॅडम." ते आठ दिवस अडीच महिने चालले. तोवर पुस्तकं आणि दगडांचे खोके कुठे ठेवायचे, म्हणून पुतण्याने एक टेम्पो पाठवला आणि सगळा पसारा भावाकडे गेला. भाऊ गावी राहतो, वेल्ह्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. घरात भाऊ, वहिनी, पुतण्या आणि त्याची बायको. ही सूनबाई तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, त्यात दोनदा दिवस राहून गेलेले, त्यामुळे आता सगळं घर श्वास रोखून बसलं होतं. तिचं माहेर किकवीचं. तिथं जुनं घर पाडून नवं बांधायचं चाललं होतं, म्हणून बाळंतपणही सासरीच व्हायचं ठरलं होतं.

खोके पाठवताना मी वहिनींना फोनवर बजावलं, "खोके उघडू नका हं. नुसते दगड आहेत."

"दगडच हायेत तर उगडून काय करायचंय?" त्या म्हणाल्या आणि मी निर्धास्त झाले. चाळीस वर्षं या बाईला ओळखून मी निर्धास्त झाले, याचा मला अजून राग येतो.

त्यातल्या एका खोक्यात एक लहान पितळी डबी होती आणि डबीत युरेनोफेन होतं. नुसतं नव्हे, बीटा-युरेनोफेन, म्हणजे त्याचं दुर्मीळ भावंड. दोघांत घटक तेच असतात: युरेनियम, कॅल्शियम, सिलिका आणि थोडं पाणी. आतली मांडणी तेवढी वेगळी. मी आणि माझा भाऊ एकाच आईबापांचे, तसंच काहीसं. मला शिकवणाऱ्या सरांनी निवृत्त होताना आपल्या संग्रहातला हा तुकडा मला दिला होता. सुपारीएवढा राखाडी खडक आणि त्याच्या एका अंगाला पिवळ्याधमक, केसासारख्या बारीक सुयांचे झुबके. मी आयुष्यात पुष्कळ दगड पाहिले, पण इतका देखणा दुसरा नाही पाहिला.

हे खनिज आमच्या सह्याद्रीतलं नाही. इथल्या काळ्या कातळात ते शोधूनही सापडायचं नाही. दूर कुठेतरी ग्रॅनाइटाच्या पोटात युरेनियमचं मूळ खनिज अडकून बसलेलं असतं, काळं आणि भयंकर जड. तिथं असेपर्यंत ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग खडकाला चिरा पडतात, वरून पाणी झिरपतं, पाण्याबरोबर ऑक्सिजन खाली उतरतो, आणि इतका काळ न विरघळणारं युरेनियम विरघळायला लागतं. पाणी त्याला घेऊन चालू पडतं. वाटेत आजूबाजूच्या खडकातून सुटलेली सिलिका आणि कॅल्शियम भेटतात आणि चिरेच्या भिंतीवर तिघांच्या मिळून पिवळ्या सुया उगवतात. यायला हजारो वर्षं आणि मोडायला एक अंगठा. नखापेक्षा किंचितच कठीण असतं ते. आणि आम्लात विरघळतं. हा शेवटचा गुण मी तीस वर्षं फळ्यावर लिहिला. दहीसुद्धा आम्लच असतं, हे मात्र मी कधी एकाही मुलाला सांगितलं नाही, कारण या विषयात दही येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

डबीत बंद असेल आणि कुणी उठसूट हाताळत नसेल, तर त्याची फारशी भीती नाही. पोटात जायला लागलं, की मूत्रपिंडाची वाट लावतं. आणि पोटात आणखी एक जीव वाढत असेल, तर त्याचं काय होईल, हे मला नेमकं माहीत नव्हतं. मला तेव्हा सगळ्यात जास्त छळलं ते या न माहीत असण्याने.

छताचं काम अखेर संपलं आणि मी खोके परत न्यायचं बोलायला एका रविवारी गावी गेले. भोरहून एसटी, मग नसरापूरला दुसरी एसटी, मग फाट्यापासून पायी. दारात चपला काढतानाच आतून घंटी ऐकू आली. रविवार खंडोबाचा, म्हणून वहिनींची दह्यादुधाची पूजा चालली होती. मी सहज डोकावले. ताम्हनात दह्यात बुडालेला माझा तुकडा होता आणि वहिनी तो अंगठ्याने चोळत होत्या, अगदी मन लावून, लहान मुलाचे कान चोळावेत तशा. दह्याला पिवळी झाक आली होती. पिवळ्या सुयांचे निम्म्याहून जास्त झुबके गायब झाले होते. शेजारी सूनबाई उजवा तळहात पुढे करून बसलेली. मी ओरडेपर्यंत तिने तीर्थ पिऊन हात डोक्यावरून फिरवलासुद्धा.

"वहिनी! काय करताय काय हे?"

"दिसंना व्हय? पूजा."

"अहो, तो माझा दगड आहे!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. "जा गं, च्या टाक आत्यांना," म्हणून तिला आत पाठवलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "वन्सं, म्या कुणाला काय बोलले न्हाई. ह्यांनाबी न्हाई. तुमी नेला व्हता, तुमीच आणून ठिवला. देव घरी आला, मला बास झालं."

यातलं अर्धं खरं होतं.

आमच्या देव्हाऱ्यात पूर्वी खंडोबाचा एक खडा होता. आजोबांनी जेजुरीहून आणलेला, पिवळा, बोराएवढा. तो एका पितळी डबीत भंडाऱ्यात ठेवलेला असायचा आणि डबीवर आईचं नाव कोरलेलं होतं. भावाचं लग्न झालं, वहिनी घरात आल्या आणि दोन महिन्यांत खडा डबीसकट नाहीसा झाला. आईने सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी निकाल लागला, की नव्या सुनेचा पाय चांगला नाही, ही आली आणि देव गेला. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांच्या. पुढे भात कमी झाला तरी ते निघायचं, म्हैस आटली तरी निघायचं. कुणी पाहुणी आली की आई डोळ्याला पदर लावून तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायची. आई गेली तोपर्यंत ती गोष्ट आसपासच्या चार गावांना तोंडपाठ झाली होती.

खडा मी नेला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, नवीनच शिकलेलं डोक्यात गेलं होतं आणि घरातला देव म्हणजे नेमकं कुठलं खनिज, हे मला पाहायचं होतं. प्रयोगशाळेत मी तो फोडला, तिरक्या गुळगुळीत तुकड्यांत फुटला तेव्हाच ओळखला, तरी खात्री करायला तुकड्यांवर ॲसिड ओतलं. ते फसफसलं आणि बघता बघता सगळं संपलं. कॅल्साइट. आमच्या डोंगरात पोत्याने मिळतं. उरलेलं पाणी मी मोरीत ओतलं. घरी येऊन सांगायचं ठरवलं होतं, पण घरात रडारड चालली होती, आणि मी उद्या सांगू म्हटलं. तो उद्या चाळीस वर्षं आला नाही. डबी मात्र टाकवली नाही. आईचं नाव होतं तिच्यावर. म्हणून माझ्याकडची सगळ्यात मौल्यवान वस्तू मी तिच्यात ठेवली.

आता वहिनींच्या जागी कुणीही असतं तरी दुसरं काय समजलं असतं? खोका ओल लागून फाटला, त्या आवरायला गेल्या आणि सासूच्या नावाची डबी हातात आली. उघडली तर आत पिवळा खडा. त्यांनी माझ्या सरांच्या हातची इंग्रजी चिठ्ठीसुद्धा फेकली नाही, देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली. तिच्यावर 'हात लावू नये' असंच लिहिलं होतं.

गावात त्यांनी सांगितलं, देव आपणहून परत आला. माझं नाव घेतलं नाही. बायका नारळ घेऊन बघून गेल्या. सूनबाई गरोदर असतानाच देव आला, म्हणजे याखेपी सगळं नीट होणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चाळीस वर्षांनी वहिनींचा पाय एकदाचा चांगला ठरला होता. आणि मी तिथं उभी राहून म्हणत होते, की हा दगड द्या.

"हा तो खडा नाही," मी म्हटलं.

"डबी मामींची न्हाई?" वहिनी आईला मामी म्हणायच्या.

"डबी आईचीच आहे."

"मग आत दुसरं कुटनं आलं?"

"ते मी ठेवलं. हे एक विषारी खनिज आहे. युरेनियम आहे यात."

"देवाला विषारी म्हन्तात व्हय?"

"वहिनी, हा देव नाही!"

"मग आपला देव कुटं हाय?"

हा एकच प्रश्न होता आणि त्या तो वेगवेगळ्या तऱ्हेने परत परत विचारत होत्या. मी त्याचं उत्तर सोडून जगातलं सगळं सांगितलं. ग्रॅनाइट सांगितला, चिरा सांगितल्या, ऑक्सिजन सांगितला, किरणोत्सर्ग सांगितला. सुया कशा मोडतात ते ताम्हनातल्या दह्याकडे बोट दाखवून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पिवळं व्हनारच की. भंडाऱ्यातला देव हाय." एवढं तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला थकवलं नव्हतं.

मी भावाकडे गेले. तो ओट्यावर मोबाईलमध्ये कसलीशी कुस्ती बघत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बायकांच्या देवधर्मात आपुन पडत न्हाई." मी म्हटलं, तुझ्या नातवंडाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "तुजी वहिनी आयकनार हाय का माजं?" हे तर मलाही माहीत होतं. पण निदान कुस्ती थांबवून म्हणायचं.

पुतण्या शिरवळला कंपनीत आहे, शिकलेला आहे, म्हणून त्याच्याकडून आशा होती. युरेनियम म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. "आत्या, म्हंजे आपल्या रानात बी असंल का? सरकार जमीन घेईल का?" मी त्याला पुन्हा एकदा सगळा सह्याद्री समजावून सांगितला. शेवटी तो इतकंच म्हणाला, "आईला तू समजव. मी बोललो तर रडत बसती."

राहिली सूनबाई. तिला स्वयंपाकघरात गाठून मी सरळ म्हटलं, "ते पाणी पिऊ नकोस. काय वाटेल ते कर, पण पिऊ नकोस." ती पोटावर हात ठेवून उभी होती. हळूच म्हणाली, "आत्या, दोन येळंला गेलं. ह्या वक्ताला देव आल्यापास्नं सगळं बरं चाललंय. म्या न्हाई म्हनू, आन् काय झालं तर?" मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. तिच्या जागी मीही प्यायले असते.

दगड उचलून सरळ निघून यावं, असंही मनात आलं. वहिनींनी ते माझ्या तोंडावरून वाचलं असावं. दगड पुसून त्यांनी डबीत घातला, डबी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा नेऊ नगा, वन्सं. ह्या बारीला म्या गप बसनार न्हाई."

दोन दिवसांनी तपासणीच्या निमित्ताने सूनबाईला भोरला आणलं; वहिनी काही यायला तयार झाल्या नाहीत. तिने प्यायलेल्या तीर्थाची गोष्ट डॉक्टरांनी आधी न ऐकल्यासारखी केली, मग विचारलं, "युरेनियम म्हणजे ते बॉम्बमधलं?" मी हो म्हटलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. लघवीत युरेनियम तपासायचं तर नमुना कुठे पाठवायचा, यावर दोन दिवस फोनाफोनी झाली. एका प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या पॅकेजमध्ये थायरॉईड आहे, हे नाही." शेवटी मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की आता ठीक आहे, पण ते पाणी आजपासून बंद.

मला इतकं हायसं वाटलं, की रिपोर्ट घेऊन मी तिच्याबरोबर स्वतः गावी गेले. हीच माझी दुसरी मोठी चूक. वहिनींनी चष्मा लावून रिपोर्ट उलटासुलटा पाहिला, सुनेकडून वाचून घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. "बगा! दोन म्हैने तीर्थ पिऊन बी सगळं बेस. द्येवाची किरपा हाय." माझ्याच हाताने मी त्यांना पुरावा आणून दिला होता. त्यांनी तो रिपोर्ट खणात ठेवला, सरांच्या चिठ्ठीवर.

सूनबाई हातपाय धुऊन आली. वहिनींनी ताम्हन पुढे ओढलं, डबी उघडली, पाण्याचा तांब्या हातात घेतला. तिने सवयीने तळहात पुढे केला. आणि मला कळून चुकलं, की आणखी दहा ग्रॅनाइट सांगितले तरी हा हात मागे जाणार नाही. त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागणार होतं.

"वहिनी, आपला देव उरलेला नाही," मी म्हटलं.

तांब्या थांबला.

"मी नेला होता. कॉलेजात नेऊन फोडला. काय आहे ते बघायला ॲसिड ओतलं, तो विरघळून गेला. मोरीत ओतून दिलं मी ते. डबी तेवढी उरली. हा दगड मी नंतर तिच्यात ठेवला, हा कुठून तरी लांबचा आहे, त्याला खंडोबा माहीत नाही. आई तुम्हाला बोलायची तेव्हा मी घरातच होते. मी बोलले नाही."

मला वाटलं, आता वहिनी शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, सुनेचा पुढे आलेला हात धरून मागे केला, डबीला झाकण लावलं आणि ती माझ्याकडे सरकवली.

"च्या घ्येनार का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. चहा आला. त्यावर एक शब्द नाही. तास झाला, दोन तास झाले, म्हशीचं झालं, पावट्याच्या शेंगा सोलून झाल्या, तरी एक शब्द नाही. मी इतकी वैतागले, की शेवटी मीच म्हटलं, "बोला ना काहीतरी." तर म्हणाल्या, "श्येवटची यष्टी चुकंल तुमची." निघाले.

डबीसकट तो दगड एका कॉलेजच्या संग्रहालयाकडे सोपवायला मला दीड महिना लागला. ते म्हणत, अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणत, नमुना धोकादायक आहे का ते लिहून द्या. लिहून दिलं तर म्हणत, धोकादायक आहे तर कसा घ्यायचा. अखेर घेतला. डबीला त्याची पूड लागलेली, म्हणून तीही द्यावी लागली. आईचं नाव कोरलेली पितळी डबी आता एका बंद कपाटात आहे. ताम्हन आणि तांब्या मी वहिनींना नवे आणून दिले. त्यांनी ते माझ्याकडे न बघता घेतले.

मूल दिवस भरून झालं. मुलगी, चांगली तीन किलोची, आणि रडणं असं की शेजारच्या वाडीला ऐकू जावं. डॉक्टरांनी बाळाला दोनदा तपासलं, माझ्यामुळे. सगळं नीट होतं. बाराव्या दिवशी मला बारशाला बोलावलं. पुतण्याला बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्याचं काम माझ्याकडे आलं.

बायकांनी घर भरलं होतं. पाळणा माजघरात टांगलेला, वर भिंतीवर आईचा फोटो. मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत हसत माझ्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांनी घातले, वहिनींनी घातला नाही. त्या घुगऱ्यांचं पातेलं घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या घरातली म्हातारी देव्हाऱ्यात डोकावली. ही आईची जुनी मैत्रीण, वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. "अगं, आन् तो खंडोबा कुटं गेला? परत गेला व्हय?" मग बाकीच्या बायकांकडे वळून ती म्हणाली, "म्या म्हनत न्हवते? हिच्या हाती द्येव ठरत न्हाई." दोनचार बायका हसल्या. सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान खाली घातली.

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. माझ्याजवळ आल्या. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, "पोरीच्या कानात सांगितलंत, बेस केलंत. आता ते सांगा. कानात नगं. त्येंच्या पुढं हुबं ऱ्हावून सांगा." त्यांनी आईच्या फोटोकडे हात केला. "मोठ्यानं सांगा, वन्सं. मामींना कमी आयकू येत व्हतं."

मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण राग आला. एवढ्या बायकांत, बारशाच्या दिवशी, माझ्या वयाला! घरातल्या घरात सांगितलं होतं ना? जीव वाचला होता ना? मग माझ्या लक्षात आलं, की त्यांना आईने कधी घरातल्या घरात बोल लावला नव्हता. दरवेळी असंच, भरल्या घरात.

मी फोटोसमोर उभी राहिले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला. "आई, खंडोबाचा खडा वहिनींनी हरवला नाही. मी चोरून नेला. मी फोडला, ॲसिडात घालून संपवला आणि चाळीस वर्षं तोंड उघडलं नाही. वहिनींचा पाय चांगलाच होता. वाईट वागले ते मी."

पलीकडची म्हातारी तोंडाला पदर लावून खाली बसली. मग माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा बसला. वहिनींचा. तो गमतीतला नव्हता, मी पुढच्या पाळण्याची दोरी धरून सावरले. पाठ चांगलीच झणझणली.

वहिनींनी डोळे पुसले, पातेलं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "वाटा आता घुगऱ्या," त्या म्हणाल्या. "तिच्यापास्नं सुरवात करा." मी म्हातारीपासून सुरुवात केली.